वरदला शेंगा चालत नाहीत

लातूर, ४ ऑक्टोबर १९९९

ताई,

उशिराबद्दल आधी रागावून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. फोन केला असता, पण फोन घरमालकांच्या बैठकीत आहे आणि तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ होतं.

वरदला पाळणाघर मिळालं. हे पाचवं. आधीच्या चार ठिकाणी मी "याला शेंगा चालत नाहीत" एवढंच सांगायचे आणि समोरची बाई माझ्याकडे अशी बघायची, जसं काही मी म्हटलंय की याला हवा चालत नाही. एकीने सांगितलं, रोज एकेक दाणा द्या, सवय होईल. दुसरीला माझ्या पोराची काळजी लागली, म्हणाली, "अगं बाई, मग उपासाला काय खातो हा?" सव्वादोन वर्षांच्या मुलाला उपास! तिसरीच्या दारात गेले तर ती शेंगदाण्याचं कूट कुटत बसलेली, तशीच उठून त्याचा गाल धरायला आली. मी तिथूनच मागे फिरले. चौथीचं काही सांगत नाही.

लोकांचंही काय चुकलं म्हणा. आपल्याकडे वांग्यात कूट, भेंडीत कूट, कोशिंबिरीत कूट. गेल्या संक्रांतीला तुझ्याकडे नांदेडला त्याला ते सगळं झालं, तोवर मला तरी कुठे माहीत होतं? तो सुजलेला चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तू लाडवाचा कण दिलास म्हणून मी तुला कधी बोलले नाही, आणि आजही बोलत नाही. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, पुढच्या वेळी याहून जोरात होईल, नुसता हात लागला तरी होईल.

तर अंबिका. औशाकडच्या गावातली आहे. गावात बालवाडीत मदतनीस होती. भूकंपात घर गेल्यावर नवरा-बायको लातूरला आले. नवरा शिवशंकर ऑटो चालवतो. दगडी भिंतीखाली लेकरं ठेवणार नाही म्हणून तिने मुद्दाम पत्र्याची मोठी खोली घेतली. वरद धरून नऊ मुलं आहेत. मी शेंगांचं सांगितल्यावर ती हसली नाही. तिने विचारलं, "नुसत्या वासानं हुतंय, का तोंडात गेल्यावर?" ताई, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर घरातल्या शेंगा तिने काढून टाकल्या होत्या, तेल करडीचं आणलं होतं, वरदचं ताट-वाटी वेगळ्या फळीवर. आता दारात प्रत्येक मुलाचा डबा उघडून वास घेते, कूट असेल तर डबा परत. मग त्या मुलाचे हात आणि तोंड कोमट पाण्याने धुते आणि मगच आत सोडते. आया कुरकुरतात. ती ऐकत नाही.

मी निर्धास्त झाले. क्लासला बारावीच्या तीन बॅच आहेत माझ्याकडे, लातुरात सध्या पोरांची नुसती झुंबड उडालीय, कुठून कुठून येतात. तुझी मनू वसतिगृहात छान रुळली आहे, रविवारी आमच्याकडेच जेवते, कधी कधी वरदला आणायला माझ्याबरोबर अंबिकाकडेही येते.

एक सांगू? तिसऱ्या दिवशी वरद अंबिकाकडे जाताना रडला नाही. मी मात्र रडले. सगळी मुलं तिला अंबूआई म्हणतात. तोही म्हणतो.

दाजींना नमस्कार.
तुझी देविका

नांदेड, १२ ऑक्टोबर १९९९

देवी,

आशीर्वाद घे, रागावणं पुढे आहेच.

पाळणाघर मिळालं, चांगलं झालं. मी म्हटलं होतं, पोराला माझ्याकडे ठेव. दिवसभर घरात मी एकटी, तुझे दाजी कॉलेजात. पण संक्रांतीपासून तू वरदला घेऊन नांदेडला आलेली नाहीस. बोलत नाहीस म्हणतेस, आणि पत्रात दोन ओळी बोलतेसच. बोल बाई. माझ्याच हातून झालं ते. अजून त्या डब्यात लाडू ठेवायला माझा हात धजत नाही.

आता माझं ऐक. काल मनूचं पत्र आलं. दीड पानाचं. मी पेन्सिल घेऊन बसले. 'देविका मावशी' सात वेळा. मावशी रसायनशास्त्र असं शिकवते, मावशीने केस असे बांधले, मावशीचा फोटो पेपरच्या जाहिरातीत आला. आई एकदाच, तीही स्वेटर पाठव म्हणून. सतरा वर्षं मी खस्ता खाल्ल्या आणि चार महिन्यांत तू तिला खिशात घातलीस! मीही बी.एस्सी. आहे म्हटलं. पहिल्या वर्गातली. तिला कधी सांगितलंस का?

म्हणून तुझं ते अंबूआईचं वाचून मी आधी हसले. म्हटलं, बरी जिरली. नंतर वाईट वाटलं.

स्वेटर पाठवते आहे. माझ्या हातचा आहे असं सांग तिला.

सौदामिनी

लातूर, ६ डिसेंबर १९९९

ताई,

स्वेटर मनूने लगेच घातला. तुझ्या हातचा आहे हे मी दोनदा सांगितलं, आता खूष?

मी खूष नाही. कुणाला सांगण्यासारखंही नाही, म्हणून तुला लिहिते. हे पत्र दाजींना दाखवू नकोस.

दिवाळीला मी शेंगा न घालता चिवडा केला, चकल्या केल्या, दोन दिवस राबले. वरदने तोंडात घेतलं आणि थुंकलं. अंबिकाने तिच्याकडच्या चकल्या पुडीत बांधून दिल्या होत्या, त्या त्याने तीन खाल्ल्या. मी करते तेव्हा भात घट्ट होतो, वरण गरम असतं, चमचा मोठा असतो. काही ना काही चुकतंच. आजारी पडला तर "अंबूआई" म्हणून कण्हतो. श्रीनाथ म्हणतात, बरं आहे ना, बाई जीव लावते. पुरुषांना काय कळतंय! त्यांना कुणी अंबूबाबा भेटू दे, मग विचारीन.

आता नवीन. अंबिकाने त्याला शिकवलंय की कुणीही भरवायला आलं की आधी म्हणायचं, "हात दाव." समोरच्याने हात पुढे करायचा, हा हुंगणार, मग तोंड उघडणार. शेंगांचा वास तिने त्याला फडक्यातून दाखवून दाखवून ओळखायला लावलाय. सगळ्यांना कौतुक. शेजारच्या गुणाबाई तर मुद्दाम बिस्कीट घेऊन येतात आणि हात हुंगवून घेतात.

परवा मी दमून घरी आले, त्याला केळं भरवायला बसले, तर माझाच मुलगा मला म्हणतो, "हात दाव." मला! नऊ महिने पोटात वाढवलेल्या मला! मी हात पुढे केला. त्याने सावकाश हुंगला, जसं परीक्षेला बसलेल्या पोराचे खिसे तपासतात तसा. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

अंबिकाला म्हटलं, आईला तरी वगळा यातून. ती म्हणाली, "मॅडम, आई बी बाहेरून येती की." वर तोंड करून नाही बोलली, साधेपणानेच बोलली, त्याचाच जास्त राग आला.

ताई, मी वाईट आहे का? ती त्याला जिवंत ठेवते आहे हे मला कळतं. तरी सहाला त्याला आणायला जाते आणि तो तिच्या कडेवरून उतरायला तयार नसतो, तेव्हा मला ती बाई डोळ्यांसमोर नको होते. पण दुसरीकडे नेऊ कुठे?

देविका

नांदेड, १५ डिसेंबर १९९९

देवी,

वाईट कसली. मी तर तुझ्यापेक्षा चारपट जळते, फक्त दिसू देत नाही. मनूने इथे येऊन दोन दिवस काढले, आणि जेवायला बसल्यावर म्हणते, "मावशीकडची आमटी वेगळी असते." मी ताट आपटलं. तुझे दाजी बघतच राहिले.

पण तुझ्यावर मात्र रागावले. लेकराची आई तू आहेस, आणि परवानगी अंबिकेची काढतेस? पाळणाघरात तिचा कायदा चालू दे. घरात तुझा. तू रोज शेंगा खाऊन त्याला भरवणार आहेस का? मग आईचे हात हुंगायची सवय कशाला? मोठेपणी हेच लक्षात राहील त्याच्या. मोड ती सवय. दोन वर्षांचं पोर आहे, आठ दिवसांत विसरेल.

आणि अधूनमधून काहीतरी असं दे त्याला, जे तिच्याकडे मिळत नाही. पोरं शेवटी खाऊ देणाऱ्याचीच असतात. मला बघ, मी मनूला स्वेटर देऊन परत मिळवायला निघाले आहे.

सौदामिनी

लातूर, २२ जानेवारी २०००

ताई,

मंगळवारी वरदला दवाखान्यात न्यावं लागलं. घाबरू नकोस, आता घरी आहे, बरा आहे. पहिल्या दिवशी श्वासच मिळत नव्हता. लगेच इंजेक्शन दिलं, मग ऑक्सिजन. डोळे मिटून गेले होते सुजेने. ओठ काळेनिळे.

दुपारी दोनला मी त्याला अंबिकाकडे सोडलं आणि बॅचला गेले. सव्वादोनला झालं. शिवशंकरने ऑटोतून नेलं. मला वर्गातून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा अंबिका बाहेर बाकावर बसली होती. श्रीनाथ तिच्यासमोर उभे राहून विचारत होते, "काय दिलंत त्याला? काय दिलंत?" ती काहीच बोलली नाही. माझ्याकडे बघितलं. मी आत गेले.

तिच्याकडेच झालं, ताई. याहून जास्त मला लिहवत नाही. त्याला आता तिच्याकडे पाठवत नाही. मी रजा घेतली आहे. शेवटची उजळणी सुरू आहे आणि क्लासवाले माझ्या नावाने बोटं मोडतायत, मोडू देत.

देविका

(पोस्टकार्ड)

नांदेड, २५ जानेवारी २०००

अंबिकाबाई,

मी वरदची मावशी. आमचं लेकरू तुमच्या भरवशावर ठेवलं होतं. शेंगा खाऊन, हात न धुता तुम्ही त्याला भरवलंत आणि त्याला मरणाच्या दारात नेऊन ठेवलंत. वर विचारलं तर तोंडातून शब्द नाही! दुसऱ्याची पोरं सांभाळायची लायकी नसेल तर पाळणाघर बंद करा. बाकीच्या आयांनाही हे कळायला पाहिजे.

सौ. सौदामिनी माधवराव, नांदेड

लातूर, ३ फेब्रुवारी २०००

ताईंना अंबिकाचा नमस्कार.

मला छापील वाचता येतंय, हातानं लिवलेलं येत न्हाई. म्हणून मी बोलायले आन् दुसरं माणूस लिहायलंय. जसं बोलते तसंच लिव म्हणलंय.

तुमचं कारड पोष्टमनानं आणलं तवा साडेपाच वाजले हुते. आया लेकरं न्यायला आल्या हुत्या. मला वाटलं गावाकडून आलंय, म्हणून म्या पोष्टमनालाच म्हणलं, जरा वाचून दाव. त्यानं मोठ्यानं वाचलं. निम्म्याच्या पुढं त्याचा आवाज बारीक झाला, पर वाचायचं थांबला न्हाई. समद्या आयांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी चार लेकरं आली न्हाईत. त्याच्या दुसऱ्या दिवशी आनखी दोन. आता दोनच लेकरं हायत, त्यांच्या आयांना दुसरीकडं जागा मिळाली की तीबी जातील.

तुमी लिवलंय की म्या शेंगा खाऊन भरवलं. माझ्या घरात दसऱ्याच्या आधीपासून शेंग न्हाई. मालकांना चटणीबिगर भाकर जात न्हाई, ते बाहेर चौकात खाऊन येत्यात आन् आंघोळ करून घरात येत्यात. त्या दिवशी वरद दोनला आला. ती येळ झोपायची हाय. लेकरं आदीच जेवून निजलेली. म्या त्याला काय बी दिलं न्हाई. माझ्याकडं त्यानं पाणीसुदीक पेलं न्हाई. गोधडीवर निजवला, तवा मान खाजवायला. बघते तर ओठ सुजलेला. म्या उचलला आन् पळाले. बाकीची लेकरं शेजारणीच्या जिवावर टाकून पळाले, हे चुकलं आसंल तर चुकलं.

मग झालं कसं, म्हणून तुमी इचाराल. म्या कुणाला इचारलं न्हाई. तुमी बी इचारू नका. लेकरू वाचलं, लई झालं.

वरदला दिसांतून दोनदा मांडीवर घेऊन निजवायची मला सवय लागली हुती. त्यो बरा हाय का, एवढं कळवा. दुसरं काय मागत न्हाई.

अंबिका

नांदेड, ८ फेब्रुवारी २०००

देविका,

अंबिकाचं पत्र आलं. सोबत पाठवते आहे, वाच.

अक्षर ओळखलंस? 'ळ' काढायची ती तऱ्हा, ओळ वर चढत जाणारी. मी पहिलीत हात धरून गिरवून घेतलं होतं. तुमच्या पाळणाघरवाल्या बाईचं पत्र माझ्या मुलीने लिहिलंय, आणि खाली स्वतःची एक ओळसुद्धा लिहिली नाही. आई, कशी आहेस, एवढंही नाही.

मी तिच्या वसतिगृहावर फोन केला. म्हटलं, मनू, तुला काय माहीत आहे? ती म्हणाली, "मला विचारू नकोस आई. मावशीला विचार. हुरड्याला मीपण होते." आणि ठेवून दिला.

आता विचारते. हुरड्याला काय झालं? त्या पोराने अंबिकाकडे पाणीसुद्धा प्यायलं नाही, मग तिच्याकडे यायच्या आधी कुणाच्या हातचं खाल्लं? तुझ्या त्या पत्रात 'तिच्याकडेच झालं' असं आहे. 'तिने केलं' असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. मी रसायनशास्त्र शिकवत नसेन, पण वाचता येतं मला.

माझंही सांगते, नाहीतर तू म्हणशील ताई न्यायाधीश होऊन बसली. तुझं पत्र वाचल्यावर मला आधी काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. या खेपेला दुसऱ्या कुणाच्या हातून झालं, मी एकटी नाही राहिले. त्याच भरात ते कार्ड लिहिलं. पाकीट आणायला उठायचाही धीर धरवला नाही. आणि उघडं कार्ड त्या बाईच्या अंगणात सगळ्यांसमोर वाचलं गेलं.

खरं लिही. मनूची परीक्षा तोंडावर आहे आणि तिच्या डोक्यावर हे ओझं आहे.

सौदामिनी

लातूर, १२ फेब्रुवारी २०००

ताई,

लिहिते.

त्या सकाळी क्लासच्या लोकांनी औसा रस्त्यावरच्या एका शेतात हुरडा ठेवला होता. परीक्षेआधी पोरांना जरा मोकळं वाटावं म्हणून. वरद घरी श्रीनाथजवळ होता, त्यांनी अर्धी रजा काढली होती. शेतात गोल करून बसलो. गरम कणसं चोळून समोर टाकत होते आणि मधे शेंगांच्या चटणीची मोठी पातेली. मी खाल्ली. घरात वर्षभर शेंग नाही, बाहेर मिळाली की मी हावऱ्यासारखी खाते, तुला सांगायला कसली लाज. मनू शेजारी होती.

उठताना मनात आलं, वरदला हुरडा नेऊ. ज्वारीच ती, ज्वारी त्याला चालते. अंबिकाने त्याला कधी हुरडा दिलेला नाही. हे मी देणार होते, मी पहिल्यांदा. माझ्या पुढ्यातला हुरडा मी निवडून, फुंकर मारून रुमालात बांधला. मनू म्हणाली, "मावशी, तो नको, दुसरा घे, तिथे चटणी होती." मी म्हटलं, "मी आई आहे त्याची, मला कळतं." हात तांब्याभर पाण्यात बुडवले आणि पदराला पुसले.

घरी आले तर दीड वाजून गेलेला. वरदला मांडीवर घेतलं आणि भरवलं. त्याने हात मागितला नाही. तुझ्या पत्रानंतर मी ती सवय मोडली होती. "हात दाव" म्हटलं की घास मागे घ्यायचे, गप्प बसला की द्यायचे. तू आठ दिवस म्हटलं होतंस, त्याला पाचच लागले. त्या दुपारी तो लगेच तोंड उघडून बसला, आणि ताई, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तीन-चार चिमटी हुरडा खाल्ला त्याने. "अजून," म्हणाला. माझ्या हातचं 'अजून' त्याने किती दिवसांनी म्हटलं होतं. मी येताच श्रीनाथ कामावर निघून गेले होते, बघायला कुणी नव्हतं. मग त्याला अंबिकाकडे सोडून मी हसत हसत बॅचला गेले.

दवाखान्याच्या दारात शिरतानाच मला कळलं. श्रीनाथ तिला विचारत होते, तेव्हा एक शब्द बोलायचा होता मला. वाटलं, आधी पोर वाचू दे. मग वाटलं, घरी गेल्यावर सांगू. मग तुझं कार्ड गेलं, मुलं जायला लागली, आणि प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड झालं. आणि खरं सांगू? मनाच्या तळाशी कुठेतरी असं होतं की आता वरद तिच्याकडे जाणार नाही. बरंच झालं.

खोटं नाही लिहायचं असं ठरवून बसले आहे.

श्रीनाथना काल सांगितलं. ते उठून बाहेर गेले, दोन तासांनी आले, अजून बोलत नाहीत. मनूचे मी पाय धरणार होते, तिने धरू दिले नाहीत. सोमवारी साडेपाचला अंबिकाकडे जाते. आठच्या आठ घरी जाऊन आयांना तिथे बोलावून आले आहे.

देविका

लातूर, २० फेब्रुवारी २०००

ताई,

सोमवारी गेले. सात जणी आल्या होत्या. मी वर्गात दीडशे पोरांसमोर बोलते, तिथे सात बायांसमोर पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. सगळं सांगितलं, हुरडा, चटणी, मी मोडलेली सवय, सगळं. तुझं कार्ड कशावरून लिहिलं गेलं तेही सांगितलं. एक बाई म्हणाली, "इतकी शिकलेली असून?" मी हो म्हटलं.

त्या गेल्यावर मी अंबिकासमोर उभी राहिले. म्हटलं, माफ करा. ती म्हणाली, "मला दवाखान्यातच कळलं हुतं. तुमी रडत हुत्या तवा म्या तुमचा हात धरला. लसणाचा आन् शेंगाचा वास यायला हुता."

मी विचारलं, मग का नाही बोललात? महिनाभर का सोसलंत?

"त्याच्या बापापुढं बोलले आस्ते तर लेकराचं घर मोडलं आस्तं. आईनंच खाऊ घातलं, हे त्याला जल्मभर कुणी ना कुणी सांगितलं आस्तं. माझं काय, लोक दोन महिन्यांनी इसरत्यात."

ताई, त्या क्षणीसुद्धा मला तिचा हेवा वाटला. माझ्या मुलाचा विचार माझ्या आधी तिने केला, तो तरी मला करू द्यायचा होता. असला विचार मनात आला आणि माझीच मला शिसारी आली.

मी म्हटलं, उद्यापासून वरदला पाठवू? तुम्ही म्हणाल तसं वागेन, घरातही तुमचाच कायदा.

तिने हातातली गोधडी घडी घालून ठेवली. मग म्हणाली, "बाकीची लेकरं येऊ द्या. वरदला मी न्हाई घेणार."

मी काहीतरी बोलू लागले. तिने थांबवलं. "रागानं न्हाई म्हणत मॅडम. पुन्हा काय झालं तर तुमी गप बसाल का बोलाल, हे मला ठाऊक न्हाई. आन् तुमाला बी ठाऊक न्हाई. तसल्या जागी लेकराला ठिऊन घ्यायचं मला भ्या वाटतंय." हे म्हणताना तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

नंतर तिने मला खाली बसवलं आणि सांगितलं. वरण गार करून लागतं, वाटीतलं नाही, ताटात पसरून. भातावर तूप आधी, वरण नंतर. झोपताना डाव्या कुशीवर, आणि पाठीवर थापटायचं नाही, नुसता हात ठेवायचा. कान दुखला की आधी जेवण सोडतो, बोलत नाही. दाराची कडी वाजली की दचकतो, म्हणून कडी धरून लावायची. मी वहीत उतरवून घेत होते, माझी पोरं उतरवून घेतात तसं. अडीच वर्षांच्या माझ्या मुलाची दोन पानं झाली, आणि त्यातलं मला एकही ठाऊक नव्हतं.

सहा मुलं परत आली आहेत. मनू रोज संध्याकाळी थोडा वेळ अंबिकाकडे जाऊन बसते, अभ्यासाची वही घेऊन. तू तिला काही बोलू नकोस. परीक्षा संपली की आधी तुझ्याकडे येईल, मला तसं म्हणाली आहे. तुझा स्वेटर अंगातून काढत नाही, धुवायलासुद्धा देत नाही, हेही ऐक.

मी क्लास सोडला. दुपारची बॅच दुसऱ्याला दिली, सकाळचीही देतील. दिवसभर घरी असते.

आज वरदला वहीप्रमाणे जेवू घातलं. ताटात पसरून, तूप आधी. सगळं जेवला. जेवताना चपला घातल्या त्याने, मधेच उठून, उलट्या पायांत. मग दाराशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चल, अंबूआईकडे." मी म्हटलं, आता नाही जायचं बाळा, आता आई घरीच आहे. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि चपला न काढता उंबऱ्यावर बसला. पाच वाजत आलेत, अजून तिथेच बसला आहे. मी मागे बसून तुला लिहिते आहे.

देविका